115 कर्जे, 97 कर्जदार : पी-टू-पी खात्यातील ‘ऑटो-इन्व्हेस्ट’ सोयीचे परीक्षण

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहते. मार्च 2023 मध्ये, रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या एका पी-टू-पी (म्हणजे एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला थेट कर्ज देण्याच्या) प्लॅटफॉर्मवर मी दोन लाख रुपये गुंतवले आणि ‘ऑटो-इन्व्हेस्ट’ ही सोय सुरू केली. पैसे आपोआप अनेक कर्जदारांत विभागले जातील, त्यामुळे एखाददुसरा हप्ता थकला तरी मोठी झळ बसणार नाही, असे त्या सोयीचे वर्णन होते. हे परीक्षण त्या एका दाव्यापुरतेच आहे, कारण खाते उघडणे, केवायसी, मासिक विवरण या बाबतींत माझी कोणतीही तक्रार नाही.

सुमारे सहा आठवड्यांत सगळी रक्कम लागली आणि ॲपवर ‘115 कर्जांत विभागणी’ असा आकडा दिसू लागला. सवयीप्रमाणे मी विवरण उतरवून घेतले आणि एक्सेलमध्ये मांडले, तेव्हा विभागणी किती असमान आहे हे लक्षात आले. 5,000 रुपयांची 25 कर्जे, 1,500 रुपयांची 30 आणि 500 रुपयांची 60, अशी ती होती. म्हणजे कर्जांच्या संख्येत निम्म्याहून अधिक असलेल्या लहान कर्जांत एकूण रकमेपैकी फक्त 30,000 रुपये होते, तर 25 कर्जांत तब्बल 1,25,000 रुपये. प्रत्येक कर्जाच्या वाट्याचा वर्ग करून त्यांची बेरीज केली आणि एकला त्या बेरजेने भागले, तर समान रकमेची किती कर्जे असल्यासारखी ही स्थिती आहे ते कळते. माझ्या खात्यासाठी ते उत्तर 115 नव्हे, 56 ते 57 आले.

त्याहून गंभीर बाब पुढे आहे. ॲपवर कर्जांचे क्रमांक दिसतात, पण कर्जदारांची मोजणी दिसत नाही. करारपत्रे एकेक उघडून कर्जदारांची जुळणी केली, तेव्हा 115 कर्जांमागे 97 माणसे निघाली. 14 जणांकडे माझी एकाहून अधिक कर्जे होती. त्यांतील एकाकडे 5,000 रुपयांची दोन कर्जे होती, तर दुसऱ्या एकाकडे तशी तीन, म्हणजे एकूण 15,000 रुपये. माझ्या सगळ्या रकमेच्या साडेसात टक्के! या दोघांपुरती दुरुस्ती केली तरी मघाचा आकडा 44 वर येतो.

एका गुंतवणूकदाराने एका कर्जदाराला सर्व प्लॅटफॉर्म मिळून 50,000 रुपयांपेक्षा अधिक देऊ नये, अशी मर्यादा रिझर्व्ह बँकेने 2017 च्या निर्देशांत घातली. माझ्या खात्यात तिचा भंग झालेला नाही. परंतु ती मर्यादा दोन लाखांच्या खात्याला पुरेशी नाही, हे उघड आहे, आणि लहान खात्याला लागणारी मर्यादा प्लॅटफॉर्मने स्वतःहून घालणे अपेक्षित होते. सेटिंगमध्ये 5,000 रुपयांची मर्यादा असताना एकाकडे 15,000 रुपये कसे गेले, हे विचारायला मी मदत केंद्राला फोन केला. तिथल्या मुलाने अतिशय सौजन्याने सांगितले, “मॅडम, 5,000 ची मर्यादा प्रत्येक कर्जासाठी आहे, प्रत्येक व्यक्तीसाठी नाही.” हे वाक्य सेटिंगच्या पानावरच ठळक लिहिले असते, तर मी ती मर्यादा पहिल्याच दिवशी 1,000 वर आणली असती.

सातव्या हप्त्यानंतर त्याच तीन कर्जांच्या माणसाने भरणा थांबवला. त्याच्याकडे 11,200 रुपयांचे मुद्दल अडकले. सप्टेंबर 2024 मध्ये मी दीड वर्षाचा हिशेब मांडला, तेव्हा पहिल्या 97 जणांपैकी 9 जण 90 दिवसांहून अधिक काळ थकलेले होते आणि अडकलेले एकूण मुद्दल 19,000 रुपये होते. याचा अर्थ निम्म्याहून अधिक फटका एका माणसामुळे बसला. त्याच्याकडे माझे एकच कर्ज असते, तर हा आकडा साडेअकरा हजारांच्या आसपास राहिला असता. कर्जदार बुडणे हा या व्यवहाराचा भाग आहे आणि त्याचा दोष मी प्लॅटफॉर्मला देत नाही. एकाच नावावर तीनदा पैसे लावणे हा मात्र सोयीच्या रचनेतला दोष आहे.

उरलेल्यांकडे पाहताना आणखी एक गोष्ट सापडली. त्या 9 जणांपैकी 6 जण कर्जदार मिळवून देणाऱ्या एकाच सहयोगी कंपनीमार्फत आले होते, आणि एकूण 97 पैकी 41 जणांचा मार्ग तोच होता. कर्जांची संख्या वाढली की जोखीम घटते, हे गणित कर्जे एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच खरे ठरते. प्रत्येक कर्ज बुडण्याची शक्यता 5 टक्के धरली, तर 20 समान कर्जांत बुडिताच्या प्रमाणातील चढउतार सुमारे 4.9 टक्के गुणांचा असतो आणि 100 कर्जांत तो 2.2 पर्यंत उतरतो. मात्र 41 जणांची छाननी एकाच निकषांनी झाली असेल आणि ते निकष सैल असतील, तर ही माणसे वेगवेगळ्या शहरांत राहत असली तरी एकाच कारणाने एकाच वेळी अडचणीत येऊ शकतात. सेटिंगमध्ये जोखमीची श्रेणी, मुदत आणि व्याजदर निवडता येतात, परंतु सहयोगी कंपनीनुसार मर्यादा घालण्याची जागाच नाही.

व्याजाच्या बाबतीत ॲप 13.2 टक्के परतावा दाखवत होते, आणि व्याज म्हणून 39,600 रुपये माझ्या बँक खात्यात आले, हेही खरे आहे. पण थकलेले मुद्दल त्या गणितात पूर्ण किमतीने धरलेले होते. ते बुडीत धरले, तर वार्षिक परतावा 6.9 टक्क्यांवर येतो. माझ्या सीएने व्याजाचे पूर्ण उत्पन्न दाखवून त्यावर कर भरायला लावला, बुडीत मुद्दल त्यातून वजा केले नाही. माझ्या 20 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह कर भरल्यावर हाती जेमतेम 4.1 टक्के उरले.

ऑक्टोबर 2024 मध्ये मी परत आलेले पैसे पुन्हा कर्जांत गुंतवणे थांबवले. तेव्हा 1,82,000 रुपये कर्जांत होते आणि थकबाकी 10.4 टक्के दिसत होती. जून 2025 मध्ये 68,000 रुपये उरले आणि तीच 19,000 रुपयांची थकबाकी 28 टक्के दिसू लागली, नवा कर्जदार एकही न थकता. चांगले कर्जदार फेडून निघून जातात आणि थकलेले मागे राहतात, म्हणून हे घडते. उलट बाजूने पाहिले, तर नवी कर्जे सतत लागत असताना हेच प्रमाण कमी दिसत राहते, आणि नवा गुंतवणूकदार नेमका तोच आकडा पाहून निर्णय घेतो. याची मला खरी काळजी वाटते.

ती काळजी आमच्या इमारतीतल्या काकांमुळे अधिक वाढली. निवृत्तीच्या रकमेतले तीन लाख रुपये त्यांनी अशाच दुसऱ्या एका प्लॅटफॉर्मवरील ‘केव्हाही काढा’ योजनेत ठेवले होते. “अगं, हे बँकेसारखंच आहे ना?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मला स्पष्ट नाही म्हणावे लागले. बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे बुडालेले मुद्दल सर्वस्वी गुंतवणूकदाराचे असते. त्यांच्या विवरणात कर्जांची यादीच नव्हती, फक्त एक शिल्लक होती. विभागणी तपासणार तरी कशी? 16 ऑगस्ट 2024 रोजी रिझर्व्ह बँकेने नियम कडक केले, ठराविक परताव्याची हमी देणारी जाहिरात आणि केव्हाही पैसे काढण्याची सोय यांना मनाई केली, एका गुंतवणूकदाराचे पैसे दुसऱ्याच्या जागी वापरण्यावर बंदी घातली आणि थकीत कर्जांच्या प्रमाणासोबत गुंतवणूकदारांना झालेला तोटाही जाहीर करणे बंधनकारक केले. काकांचे पैसे त्यानंतर हप्त्याहप्त्याने परत येत आहेत.

प्रत्येक कर्जाला गुंतवणूकदाराची मान्यता लागते, ही अट 2017 च्या निर्देशांपासूनच आहे. माझ्या प्लॅटफॉर्मवर त्यासाठी 20 कर्जांची यादी येते, तिच्यावर सगळ्यांपुढे आधीच खूण केलेली असते आणि खाली ‘मान्य’ असे एकच बटण असते. मी ती यादी दोनदा उघडून नावे तपासली. एकदा त्यात आधीच माझे कर्ज असलेला माणूस पुन्हा आलेला होता. त्याच्यापुढची खूण काढता येते, हे चांगले आहे, पण तो जुना कर्जदार असल्याची सूचना यादीत दिली जात नाही.

500 रुपयांपासून कर्ज देता येते, पैसा एस्क्रो खात्यातून (विश्वस्ताच्या देखरेखीखालील वेगळ्या बँक खात्यातून) फिरतो आणि कर्जदारांनी भरलेले हप्ते वेळेवर जमा होतात, हे या सेवेचे खरे गुण आहेत. तरीही विभागणीच्या बाबतीत मी तिला पाचपैकी दोनच गुण देईन. कर्जदारनिहाय आणि सहयोगी कंपनीनिहाय मर्यादेचे दोन रकाने द्यावेत आणि कर्जांच्या संख्येशेजारी कर्जदारांची संख्या दाखवावी, अशी लेखी विनंती मी जून 2025 मध्ये केली आहे. ते रकाने येईपर्यंत उरलेले 68,000 रुपये जसजसे सुटतील तसतसे मी काढून घेणार आहे.