मेकॅनिक मोटर व्हेईकल ट्रेड: दीड वर्षानंतरचा अनुभव आणि कपाटातला टॉर्क रेंच

माझ्या धाकट्या भावाने शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआय) मेकॅनिक मोटर व्हेईकल या ट्रेडला प्रवेश घेतला, त्याला आता दीड वर्ष होत आले आहे. दहावीचा निकाल लागला की यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी-दिग्रस पट्ट्यातील ओळखीचे पालक विचारू लागतात, की मुलाला गाडीचे कामच शिकवायचे असेल तर कुठे टाकावे. ट्रेड दोन वर्षांचा आहे, दहावी पास लागते, प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून ते सोडून मी थेट त्या वस्तूकडे येतो, जिच्यावरून आमचा संस्थेशी बरेच महिने पत्रव्यवहार चालला. ती वस्तू म्हणजे टॉर्क रेंच, बोल्ट मोजलेल्या जोराने आवळण्याचा पान्हा.

एका अवजारासाठी इतका आग्रह कशाला, असे मला अनेकांनी विचारले. आमच्या भागात ट्रॅक्टरचे हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पातळ सांधपट्टी) पेरणीच्या तोंडावर उडाले, तर त्या घरचा हंगामच मागे पडतो. रेडिएटरमधले पाणी ऑइलमध्ये उतरते, ऑइल दुधाळ होते, आणि मालक गॅस्केटच्या कंपनीला दोष देतो. प्रत्यक्षात पुष्कळदा गॅस्केट चांगलेच असते. मागच्या वेळी हेड बसवताना बोल्ट सारखे आवळलेले नसतात. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमाने आणि दोन-तीन टप्प्यांत आवळायचे असतात, आणि प्रत्येक बोल्टवर कंपनीने सांगितला तेवढाच जोर पडला पाहिजे. कमी पडला तर गॅस्केट गळते, जास्त पडला तर बोल्ट ताणतो किंवा हेड वाकते, आणि ॲल्युमिनियममध्ये तर आटेच जातात. गावोगावचे मिस्त्री पान्ह्याच्या मागे पाइप लावून अंदाजाने आवळतात. तीस वर्षे काम केलेल्या उस्तादाचा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो, हे मी मान्य करतो. पण अठरा वर्षांच्या मुलाला तो अंदाज कुठून येणार? त्याला आधी मोजून आवळणे शिकवले पाहिजे, आणि तेवढ्यासाठीच तर आपण त्याला गॅरेजमध्ये न टाकता शाळेत घालतो.

पहिले वर्ष फिटिंग, मोजमापे आणि इंजिन खोलणे यांत गेले. व्हर्नियर, मायक्रोमीटर, फीलर गेज यांचे प्रात्यक्षिक चांगले झाले, व्हॉल्व्हच्या टॅपेटचे अंतर लावणेही भाऊ नीट शिकला. इंजिन परत जोडण्याची वेळ आली, तेव्हा मात्र सर्व मुलांकडून हेडचे बोल्ट साध्या गोटी पान्ह्याने आवळून घेण्यात आले. जर्नलमध्ये मात्र 'टॉर्क रेंचने आवळले' असेच लिहायला सांगितले. भाऊ घरी येऊन म्हणाला, "दादा, रेंच हाये म्हनते, पन आमाले हात लावू देत नाई." त्या एका वाक्यावर मी संस्थेत गेलो.

भांडार सांभाळणाऱ्या गृहस्थांनी मला चहा दिला, कपाट दाखवले, पण उघडले नाही. त्यांचे म्हणणे सरळ होते, "वस्तू महाग हाये. पोरांनी हरवली त माह्या पगारातून कापतीन." त्यांची भीती खोटी नव्हती. सरकारी वस्तू हरवली की वसुली ज्याच्या ताब्यात ती होती त्याच्याकडून होते, आणि म्हणून कितीतरी शाळा-कार्यालयांत चांगल्या वस्तू वापराविना जुन्या होतात. मी स्वतः पतसंस्थेत नोंदवह्या सांभाळतो, त्यामुळे त्यांची अडचण मला कळली. पण तिचे नुकसान मुलांनी का सोसावे, हे मला आजही पटत नाही.

मग मी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला. उत्तर आले नाही, तेव्हा माहितीच्या अधिकारात जडसंग्रह नोंदवहीचा (टिकाऊ वस्तूंच्या नोंदीची वही) त्या पानापुरता उतारा आणि वस्तू वर्गाला दिल्याची नोंद मागितली. ज्यांना हे करायचे असेल त्यांच्यासाठी सांगतो: अर्जाला 10 रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागते, प्रतीला पानामागे 2 रुपये पडतात आणि 30 दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे. उतारा आला. रेंच खरेदी झाल्याची नोंद होती, दरवर्षीच्या पडताळणीची सही होती, वर्गाला दिल्याची नोंद एकही नव्हती. त्या आठवड्यात मला कोणी विचारले असते, तर मी या संस्थेत मुलाला घालू नका असेच सांगितले असते.

माझे मत बदलले ते नंतर. त्या उताऱ्याची प्रत मी संस्था व्यवस्थापन समितीला पाठवली, आणि सुमारे त्याच वेळी ट्रेडला बदलीवर नवे शिल्प निदेशक (ट्रेड शिकवणारे) आले. या दोहोंपैकी कशाचा परिणाम झाला हे मी ठरवत बसलो नाही. निदेशकांनी वस्तू देण्याची वेगळी वही सुरू केली, दोन मुलांच्या जोडीला एक अवजार त्यांच्या सहीने द्यायचे आणि प्रात्यक्षिक संपताच मोजून परत घ्यायचे, अशी शिस्त लावली, आणि कपाट उघडले. रेंच तेलकट कागदात गुंडाळलेला, अगदी कोरा होता. पण त्याची मूठ वरच्या आकड्यावर फिरवून ठेवलेली होती, म्हणजे आतली स्प्रिंग इतकी वर्षे दाबलेल्या स्थितीतच पडून होती. काम झाले की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा असतो, नाहीतर स्प्रिंग थकते आणि तो चुकीचे माप देऊ लागतो. निदेशकांनी आधी त्याची तपासणी करून घेतली, मगच मुलांच्या हाती दिला. हे मला सर्वांत जास्त आवडले.

भावाने एका जुन्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे हेड त्या रेंचने बसवले, तेव्हा मी परवानगी घेऊन कार्यशाळेत उभा होतो. प्रत्येक बोल्टवर खडूने क्रमांक टाकलेला होता. पहिली फेरी हलक्या मापाने, दुसरी अधिक, तिसरी पूर्ण. माप गाठले की रेंचमधून 'कट्' असा आवाज येतो आणि मुठीला लहानसा झटका बसतो. तिथेच हात थांबवायचा असतो. एका मुलाने खात्रीसाठी पुन्हा ओढला, तेव्हा निदेशकांनी त्याला तो बोल्ट सैल करून पुन्हा आवळायला लावला, आणि सैल करण्यासाठी रेंच न वापरता वेगळा पान्हा दिला. जुन्या पुस्तिकेतले माप किलोग्रॅम-मीटरमध्ये होते आणि रेंचवरचे न्यूटन-मीटरमध्ये, म्हणून मुलांनी आधी 9.8 ने गुणून तक्ता केला.

आता खर्चाचे. जवळच्या शहरातली एक खाजगी संस्थाही आम्ही पाहिली होती. तिथे वातानुकूलित वर्ग होता, आतले भाग दिसावेत म्हणून कापून रंगवलेले इंजिन होते, नोकरीच्या हमीचा फलक होता, आणि शुल्क आमच्या कापसाच्या एका वेच्याच्या पैशांत बसणारे नव्हते. प्रमाणपत्र मात्र त्यांचे स्वतःचे होते, आयटीआयचे केंद्र सरकारमान्य प्रमाणपत्र नव्हते. एसटीच्या विभागीय कार्यशाळेत किंवा नागपूरजवळच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत मोटर मेकॅनिकची शिकाऊ उमेदवारी करायची तर आयटीआयचे प्रमाणपत्र मागतात. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही मोकळी राहते. केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी संलग्न अशा चांगल्या खाजगी आयटीआय आहेत, पण संलग्नता संस्थेच्या नावाने न पाहता त्याच ट्रेडच्या नावाने तपासावी, कारण ती ट्रेडनिहाय मिळते. आमचा वर्षाचा मोठा खर्च शासकीय संस्थेच्या शुल्काचा नव्हताच, तो येण्याजाण्याचा आणि डब्याचा होता, आणि एसटीच्या विद्यार्थी पासवर 66.67 टक्के सवलत असल्याने तोही झेपला. सकाळची बस उशिरा आली की पहिला तास बुडतो, एवढाच त्रास.

ज्यांना लवकर कमवायचे आहे आणि गावात ट्रॅक्टरचेच काम करायचे आहे, त्यांनी एक वर्षाचा मेकॅनिक डिझेल किंवा मेकॅनिक ट्रॅक्टर ट्रेड आधी पाहावा, असे मला वाटते. दुसरे वर्ष म्हणजे घरातल्या एका कमावत्या हाताचे वर्ष असते.

एक उणीव अजून तशीच आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराचे कडक मानक आले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आले. आता बिघाड शोधायचा तर गाडीतले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लागतो. संस्थेतील वाहने जुनी आहेत आणि स्कॅनर एकच आहे, तोही नव्या गाड्यांचे सर्व कोड वाचत नाही. अभ्यासक्रमात सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आहेत, पण ते मुले फळ्यावरच शिकतात. भाऊ सध्या रविवारी दारव्ह्याच्या एका गॅरेजमध्ये जाऊन ते पाहून घेतो. त्याबद्दल माझी तक्रार टॉर्क रेंचइतकी तीव्र नाही, कारण नसलेली वस्तू मागता येते आणि तिच्यासाठी निधीची वाट पाहता येते. असलेली वस्तू कुलपात राहणे मला सहन झाले नाही.

म्हणून संस्था पाहायला जाल, तेव्हा दुपारी प्रात्यक्षिकाच्या वेळी जा, आणि यंत्रांची यादी न मागता वस्तू मुलांना दिल्याची वही मागा. तिच्यात मागच्या महिन्याच्या तारखा आणि मुलांच्या सह्या असतील, तर वर्ग पत्र्याचा असला तरी प्रवेश घ्या. स्कॅनरसाठीचा आमचा अर्ज आता समितीपुढे आहे.