‘हेड गेलंय’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला आधी वॉटर पंप उघडायला लावा

होडीचं मशीन गरम मारायला लागलं आणि मिस्त्रीने एकही बोल्ट न सोडता ‘हेड गेलंय’ (हेड म्हणजे सिलिंडरच्या टोकावरचं झाकण) असं सांगितलं, तर त्याला तिथेच थांबवा. या दोन शब्दांत आमच्या घरचे ३४,००० रुपये गेले. हा माणूस अजूनही नवी मुंबईच्या जेट्ट्यांवर कामं घेत फिरतोय, असं कानावर येतं. प्रकरण तक्रारीत असल्यामुळे नाव टाकत नाही, पण त्याची पद्धत ओळखता यावी इतकं सगळं सांगते.

आम्ही दिवाळे गावचे. बाबांची लहान फायबरची होडी आहे, तिच्या मागे पंधरा हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड. बाबा आणि दादा पनवेलच्या खाडीत जाळं टाकतात. बोय, कोळंबी, चिंबोरी, आणि नशीब जोरावर असेल त्या दिवशी जिताडा. दिवाळीनंतर मशीनने त्रास द्यायला सुरुवात केली. आमच्या या मशीनला गरम झाल्याचा इशारा देणारा भोंगा नाही, त्यामुळे नाक आणि कान हेच मीटर. रंग जळल्यासारखा वास, रेस दिली तरी जोर नाही, आणि मागून पडणारी पाण्याची धार करंगळीएवढी असायची ती दोऱ्याएवढी झाली.

त्या धारेवर जरा थांबते, कारण पुढची सगळी फसवाफसवी तिच्याच आधारावर झाली. आउटबोर्डला गाडीसारखा रेडिएटर नसतो. पंख्याच्या वर, मशीनच्या पाण्यात बुडणाऱ्या पायाच्या दोन्ही बाजूंना जाळीची भोकं असतात, तिथून खाडीचंच पाणी आत जातं. आत वॉटर पंप असतो आणि त्यात एक रबरी इम्पेलर, म्हणजे पाच-सहा पात्यांचं चाक. तो पाणी नळीतून वर ढकलतो. पाणी सिलिंडरभोवती फिरतं, तापतं आणि बहुतेक सगळं एक्झॉस्टबरोबर खालून निघून जातं. त्यातलंच थोडं बाजूच्या भोकातून बाहेर पडतं, तुम्हाला दिसावं म्हणून. ती धार बारीक झाली म्हणजे आत पाणी कमी जातंय, किंवा नुसतं ते भोकच चिखलाने बुजलंय. दोन्ही शक्यता असतात, आणि दुसरीला एक रुपयाही लागत नाही.

आमच्या खाडीत तर ही भोकं बुजायला निमित्तच लागत नाही. सुकतीला गाळ वर येतो, आणि गाळाबरोबर आख्ख्या शहराच्या पिशव्या. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. पिशव्यांना मात्र ते अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

जेट्टीवरच्या कुणीतरी या मिस्त्रीचा नंबर दिला. माणूस बोलायला गोड, बाबांना ‘काका, काका’ करणारा. दादाने मशीन उतरवून आवारात स्टँडला लावलं होतं. मिस्त्रीने आमचंच निळं पिंप मागितलं, त्यात नळाचं पाणी सोडलं, मशीनचा पाय आत बुडवला आणि चालू केलं. धार आलीच नाही. मिनिटभरात त्याने बाबांना हेडवर हात ठेवायला सांगितला. बाबांनी चटकन हात मागे घेतला. ‘बघा काका, चटका बसतोय. हेड गॅस्केट उडालंय. पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. ब्लॉकसुद्धा खारानं खाल्ला असणार. आता नाही केलं तर अख्खं मशीन भंगारात.’ (हेड गॅस्केट म्हणजे हेड आणि सिलिंडरचा ब्लॉक यांच्यामध्ये बसणारं पातळ सील.) नव्या मशीनची किंमतही त्याने त्याच दमात ऐकवली, म्हणजे ३४,००० स्वस्त वाटावेत. टेम्पो त्याने बरोबरच आणला होता. घरचं पोट ज्या मशीनवर चालतं ते बंद पडलं की माणूस घासाघीस करत बसत नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

मशीन आठवडाभर त्याच्याकडे होतं. मधे त्याने बाबांच्या फोनवर एक फोटो पाठवला. तेलकट फडक्यावर ठेवलेलं काळपट, एका बाजूने फाटलेलं गॅस्केट आणि खाली ‘तुमचं जुनं’ असं लिहिलेलं. पैसे दिले, २०,००० मोबाइलवरून आणि उरलेले रोख. बिल मागितलं तर वहीचं पान फाडून दिलं: ‘इंजिन ओव्हरऑल, ३४,०००’. ना शिक्का, ना सामानाची यादी.

परत आल्यावर मशीन सुरुवातीला ठीक चाललं. मग लक्षात यायला लागलं की हळू चालवलं तर धार बरी असते, पण रेस धरून ठेवली की तोच जळका वास. एकदा ओहोटी लागलेली असताना भर पात्रात मशीनमधून वाफ निघाली. दादाला बंद करून वल्ही मारत यावं लागलं. मिस्त्रीला फोन केला तेव्हा ‘काका’ नव्हते, ‘ताई’ होते. ‘ताई, मशीनला गॅरंटी नसते. तुमच्या खाडीचं पाणीच घाण आहे.’ त्यानंतर फोन उचलणं बंद.

मग बाबांच्या ओळखीचे, उरणजवळच्या करंजाचे एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर खिशातून तंगुसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) जाड तुकडा काढून धारेच्या भोकात घातला आणि मागेपुढे केला. मग जाळीच्या भोकांत बोट फिरवून पाहिलं. दोन्ही मोकळी होती. मग त्यांनी पिंप मागवलं आणि ते गच्च भरायला लावलं. मी विचारलं, आधीच्याने तर अर्धंच भरलं होतं. ते हसलेच. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, पाणी तिच्या वर पाहिजे. इम्पेलर तिथेच वर बसलेला असतो. पाणी त्याच्या खाली राहिलं तर चांगल्या मशीनचीही धार येत नाही, मशीन तापतं, आणि वर कोरडा घासला गेल्यामुळे रबर जातं ते वेगळं. म्हणजे बाबांच्या तळव्याला बसलेला चटका त्या पिंपातून आला होता.

भरल्या पिंपात धार आली. रेस वाढवली तशी ती जाड व्हायला हवी होती, पण उलटी लुळी पडली. करंजाच्या काकांनी खालचा पाय उतरवला. बोल्ट काढायचे, गिअरचा दांडा सोडवायचा आणि पाय खाली ओढायचा, तासाभराचंही काम नाही. आत इम्पेलर नवा होता! म्हणजे आधीच्या मिस्त्रीने खरा रोग ओळखला होता, तेवढाच बदललाही होता, आणि पैसे घेतले हेडचे. पण तेही काम अर्धवट. जुन्या इम्पेलरची पाती तुटली होती आणि तुटलेले तुकडे त्याने शोधलेच नव्हते. इम्पेलरची पाती तुटलेली दिसली की तुकडे मोजायचे, कारण जे पंपात सापडत नाहीत ते पाण्याबरोबर वर गेलेले असतात. एक तुकडा उभ्या नळीच्या वरच्या टोकाला मिळाला. दुसरा थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठराविक गरमीला उघडून पाणी सोडणाऱ्या झडपेच्या, तोंडाशी आडवा बसला होता, नखाएवढा, कडा झिजलेल्या. हळू चालताना त्याच्या बाजूने जाणारं पाणी पुरत होतं, रेस दिली की पुरत नव्हतं.

थर्मोस्टॅट निघालाच होता, म्हणून तोही तपासला. आईच्या टोपात पाणी घेतलं, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवला, सोबत थर्मामीटर (ताप मोजायचा नव्हे, त्याचा काटा तेवढा वर जात नाही) आणि खाली गॅस. गाडीचा थर्मोस्टॅट ऐंशीच्या पुढे कुठेतरी उघडतो, आउटबोर्डचा बहुधा ५० ते ६० अंशांच्या आसपास. खारं पाणी त्याहून जास्त तापू दिलं तर क्षार आतल्या वाटांना चिकटतात, म्हणून तो लवकर उघडणारा ठेवतात. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात मिळेल. आमचा वेळेवर उघडला, गार पाण्यात टाकल्यावर मिटलाही.

‘आता हेड बघू,’ म्हणून काकांनी टॉर्च मारला आणि आम्हाला जवळ बोलावलं. हेडच्या बोल्टांवर खाराची पांढरी साय जशीच्या तशी होती. एकाही बोल्टाच्या कोपऱ्यावर पान्याचा ओरखडा नाही. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावरून गेलेला रंगाचा थर कुठे फुटलेला नाही. ते हेड कंपनीतून निघाल्यापासून कुणी उघडलेलं नव्हतं. दादाने मग तो फोटो दाखवला. काकांनी चष्मा वर सरकवून पाहिला आणि फोन दादाच्या हातात परत दिला. ‘भोकं मोज.’ फोटोतल्या गॅस्केटला सिलिंडरची तीन भोकं होती. आमचं मशीन दोन सिलिंडरचं. महिनाभर तो फोटो फोनमध्ये पडून होता, आणि तो पाठवताना त्या माणसाने तेवढी अक्कलही वापरली नव्हती.

तरी त्यांनी खात्री केली. दोन्ही स्पार्क प्लग काढले. हेड गॅस्केट उडून पाणी आत येत असेल तर त्या सिलिंडरचा प्लग वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो, हा दोन सिलिंडरच्या मशीनमध्ये शेजारी ठेवून चटकन कळणारा फरक आहे. आमचे दोन्ही सारखेच तपकिरी, तेलकट. मग प्लगच्या जागी दाब मोजायचं गेज लावून दोरी ओढली. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळजवळ सारखं. दोघांत दहा टक्क्यांहून जास्त फरक असता तर हेडवर संशय घ्यायला जागा होती. ही तपासणी करायला हेड उघडावंही लागत नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी, आमच्या आवारात, दहा मिनिटांत खरं-खोटं झालं असतं, पण त्या मिस्त्रीच्या पेटीतून गेज बाहेर निघालंच नाही.

काकांनी मजुरीचे दीड हजार घेतले, तेही बाबांनी हातात कोंबले म्हणून. मशीन तेव्हापासून व्यवस्थित आहे.

पैशांचं म्हणाल तर, ‘मासेमारी हा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं आम्हाला गावातच एकाने ऐकवलं. आमच्या मते तसं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी वापर वगळलेला आहे, पण निव्वळ स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू वापरणं हा व्यापारी वापर धरलेला नाही. बाबा स्वतः होडी चालवतात, माणसं ठेवून धंदा करत नाहीत, त्यामुळे ते ग्राहकच, असं आमचं म्हणणं आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. मिस्त्रीला नोटीस गेल्यावर आठवड्याभरात त्याचा माणूस १०,००० घेऊन दारात आला, ‘इथेच मिटवू’ म्हणत. बाबांनी चहा पाजून परत पाठवला.

आमच्याकडे शिक्क्याचं बिल नाही, ही अडचण आहेच. पण मोबाइलवरून दिलेल्या २०,००० ची नोंद आहे, वहीचं पान आहे, न उघडलेल्या बोल्टांचे तारखेसकट फोटो आहेत, आणि करंजाचे काका लेखी द्यायला तयार आहेत. जुने सुटे भाग मात्र त्याने परत केले नाहीत आणि ते आता मिळणारही नाहीत. तुमचं मशीन कुणाच्या टेम्पोत चढवायची वेळ आलीच, तर निघण्याआधी हेडच्या दोन बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका लावा, इंजिन नंबरसकट फोटो काढा आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत हवा असं त्याच्या फोनवर लिहून पाठवा. आमच्या शेजारच्यांनी गेल्या महिन्यात एवढंच केलं, दुसऱ्याच एका मिस्त्रीच्या बाबतीत. तो टेम्पो रिकामाच परत गेला आणि त्यांचं काम जाळीत अडकलेली दुधाची पिशवी ओढून काढण्यावर भागलं.