कोथरूडचा फ्लॅट विकताना घेतलेली स्टोरेज सेवा: पॅकिंग झकास, मध्येच काही मागू नका

आधी निकाल सांगते, मग रामायण. पॅकिंगला पाचपैकी साडेचार, गोडाऊनला चार, बिलाला अडीच आणि ठेवलेल्या सामानातलं काही मध्येच परत मागितलं तर मिळणाऱ्या वागणुकीला एक. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. चौकशी करताना दोन-तीन ठिकाणच्या अटी वाचल्या, त्या एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात इतक्या सारख्या होत्या. तुम्ही कुणाकडेही गेलात तरी हेच प्रश्न पडणार.

फ्लॅट सासूबाईंचा, डहाणूकर कॉलनीतला. जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासरे गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आल्या आणि घर होतं तसं बंद राहिलं. दिवाणाच्या पोटात गाद्या-गोधड्या, माळ्यावर तांब्याचा बंब, घंगाळ, शेवयांचं यंत्र, पाट-चौरंग आणि दोरीने बांधलेले दिवाळी अंकांचे गठ्ठे. पॅसेजमध्ये दोन लोखंडी कपाटं, त्यांतल्या एकावर होल्डॉल. होल्डॉल शेवटचा कधी उलगडला हे घरात कुणालाच आठवत नाही.

एजंट येऊन सगळीकडे फिरला आणि म्हणाला, "मॅडम, भावाचं नंतर बोलू. आधी ही कपाटं हलवा. गिऱ्हाईक भिंती बघायला येतं. कपाटामागची भिंत दिसली नाही की तिथे ओल आहे असंच धरून चालतं." बोलणं पटलं. कपाटं हलवल्यावर ओल निघाली नाही, निघाला तो जुन्या पिस्ता रंगाचा कपाटाएवढा चौकोन. सगळ्या घराला पांढरा हात मारून घेतला, आणि खरं सांगते, हॉल एवढा मोठा आहे हे आईंनाही पहिल्यांदाच कळलं.

पण सामान न्यायचं कुठे? आमच्या घरी जागा नाही. टाकायला आईंचा जीव होत नाही. नणंदबाई न्यू जर्सीला. त्यांचा फोन आला, "वहिनी, मी डिसेंबरात येतेय, तोवर कुणाला काही देऊन टाकू नका हं." म्हणून स्टोरेज.

सर्व्हे व्हिडिओ कॉलवर करतो म्हणाले. मी नाही म्हटलं, माणूस पाठवा. माळ्याचा ऐवज व्हिडिओत दिसत नाही, आणि उचलायच्या दिवशी "हे तर लिस्टमध्ये नव्हतं" म्हणून टेम्पो वाढला की पैसेही वाढतात. एक मुलगा येऊन टेप लावून गेला. हे लोक वजनावर नाही, घनफुटावर भाडं लावतात. त्यामुळे दगडी पाटा-वरवंटा स्वस्तात राहतो आणि रिकामा बंब महागात पडतो. आमचं भाडं महिना ४,२०० रुपये ठरलं, वर १८ टक्के जीएसटी. पॅकिंग आणि नेण्याचे ११,५०० वेगळे, एका महिन्याचं डिपॉझिट वेगळं, आणि किमान तीन महिन्यांचं बंधन.

हा आकडा कळल्यावर घरात छाटणीला जोर आला. ह्यांनी कागद घेऊन हिशोब मांडला: दिवाळी अंकांचे गठ्ठे वर्षभर ठेवले तर जे भाडं पडेल त्यात येत्या दिवाळीचे सगळे अंक नवे विकत येतील. आईंनी पाच गठ्ठे रद्दीत सोडले, एक धरून ठेवला. पितळी पातेली मोडीत दिली, वजनावर. बंब आणि घंगाळ मात्र आईंनी दिलं नाही, "मोडीच्या भावाने देण्यासारखी का ती वस्तू आहे?" बंबाची नळी गळत होती, ती कसब्यात तांबट आळीतून सांधून आणली. वापरण्याजोगे कपडे, बॅगा, मुलांची जुनी खेळणी 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या 'व्ही-कलेक्ट' या जुन्या वस्तू गोळा करण्याच्या उपक्रमात दिली. सायकल आणि टेपरेकॉर्डर रविवारी जुन्या बाजारात नेऊन बघू असं ह्यांचं चाललं होतं, पण वॉचमनने दोन्ही मागितलं आणि प्रश्न मिटला.

पॅकिंगची माणसं मात्र कसबी. मुकादम फारसा बोलत नव्हता, पण हात चालत होता. दिवाण उलगडला तेव्हा प्रत्येक फळीचे स्क्रू छोट्या प्लास्टिकच्या पुडीत घालून ती पुडी त्याच फळीला चिकटपट्टीने लावली आणि फळीवर खडूने बाण काढला. कपाटाच्या आरशावर आधी चिकटपट्टीची फुली, मग बबलरॅप, मग पुठ्ठा. फ्रिज आदल्या दिवशीच बंद करून पुसून ठेवायला सांगितला होता. नेताना उभाच नेला, आणि दाराच्या फटीत कापडाचा बोळा ठेवला, म्हणजे आत वास कोंडत नाही. गॅस सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी आणि खाण्याचं काहीही ते नेत नाहीत. हे बरोबरच आहे, उंदीर एका डब्याच्या वासाने अख्खं गोडाऊन शोधून काढतात. आईंची लोणच्याची बरणी मात्र धुवूनही मुकादमाने दोनदा हुंगली आणि बाजूला काढली.

गोडाऊन कात्रज-देहूरोड बायपासच्या सर्व्हिस रोडला आहे. मी आधी जाऊन बघून आले आणि तुम्हीही जा. वर पत्र्याचं छप्पर असलं तरी जमीन रस्त्यापेक्षा उंच आहे का, सामान लाकडी पॅलेटवर ठेवतात की थेट फरशीवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडतात का, एवढं पाहिलं तरी पुरे. आमचा ऐवज पावसाळाभर तिथे होता. गाद्यांना किंचित कुबट वास आला, बुरशी कुठेच नाही. गोधड्यांमध्ये वेखंड आणि डांबराच्या गोळ्या मी स्वतः घातल्या होत्या, ते काम कंपनीवर सोडू नका.

आता एक मार्क का, ते. प्रत्येक खोक्याला बारकोड असतो आणि ॲपवर यादी दिसते. दिसायला फारच छान. पण यादी लिहिणारा त्याच्या घाईत आणि त्याच्या भाषेत लिहितो. आमच्या यादीत "मिक्स किचन" नावाची सात खोकी होती. गौरीचे मुखवटे आणि दागिने मी घरीच ठेवले होते, स्टँडही बाजूला काढून सांगितलं होतं, तरी ते गेले, आणि यादीत नोंद "लोहा स्टँड". भाद्रपद तोंडावर आला तेव्हा आईंनी विचारलं, "मुखवटे आहेत, साड्या आहेत, मग गौरी काय हवेत उभ्या करायच्या?"

फोन केला. अठ्ठेचाळीस तास आधी बुकिंग करा, म्हणाले. भेटीचा चार्ज वेगळा, पॅलेट खाली उतरवण्याचा वेगळा. शिवाय गणपतीमुळे लेबर नाही, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात गौरींचं विसर्जन होऊन गेलेलं असणार हे मी तीन वेगवेगळ्या मुलांना सांगितलं. तिघांनीही "समजतंय मॅडम" म्हटलं. शेवटी शेजारच्या काकूंकडून जादा स्टँड मिळाले. ते जरा बुटके निघाले, पण निऱ्या खाली सोडल्यावर कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणून यादी होत असताना शेजारी उभं राहा आणि प्रत्येक खोक्यावर मार्करने मराठीत स्वतः लिहा. काही कंपन्यांकडे स्वतंत्र शटरची, आपलं कुलूप लावायची खोली मिळते. भाडं जास्त, पण चार वेळा जावं लागणार असेल तर तीच घ्या.

बिलाचं दुखणं वेगळं. महिना त्यांच्या तारखेने चालतो, चौथ्या दिवशी सामान काढलंत तरी भाडं अख्ख्या महिन्याचं. आमच्या गिऱ्हाइकाने टोकन लवकर दिलं, पण त्याच्या बँकेचा सर्च रिपोर्ट (घराची मालकी निर्वेध आहे ना, याचा वकिली तपास), सोसायटीची एनओसी, मग खरेदीखताची तारीख, यात आठवडे गेले आणि भाडं चालूच राहिलं. विम्याचा कागदही नीट वाचा: आमच्यात पाण्याने झालेलं नुकसान वगळलेलं होतं आणि जुन्या वस्तूंना त्यांच्या लेखी किंमत जवळजवळ नव्हती. बंबाचं तेवढं माझ्या नणंदेला सांगू नका.

कागदपत्रं मात्र गोडाऊनला अजिबात जाऊ देऊ नका. मूळ करारनामा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू म्हणजे दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा, हे तर झालंच, पण घरात केलेल्या मोठ्या कामांची बिलंही. घर १ एप्रिल २००१ च्या आधीचं असेल तर भांडवली नफा काढताना त्या तारखेची बाजारकिंमत धरता येते आणि त्यानंतरच्या सुधारणांचा खर्चही दाखवता येतो. आमच्या सीएने ती बिलं मागितली तेव्हा ती सासऱ्यांच्या फायलीत तारखेवार लावलेली सापडली. माणूस गेला तरी त्याची शिस्त कामाला आली, असं ह्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, ती फाइल दिवाणात न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवण्याची शिस्त माझी होती.

पुन्हा घेईन का? घर विकायला काढलंय, भिंती मोकळ्या हव्यात आणि वाटणी ठरायला दोन-चार महिने लागणार आहेत, असं असेल तर जरूर. नणंदबाई आल्या की बंब, एक कपाट आणि चौरंग कुणाचं ते ठरेल, तोवर खोकी कमी केल्यामुळे भाडं २,३०० वर आणलंय. मात्र "बघू नंतर" म्हणून ठेवत असाल तर नका ठेवू, दोन वर्षांत भाड्याच्या पैशांत नवं कपाट येतं. आणि बुकिंग करताना जिना असल्याचं आधीच सांगा, लेबरचा दर मजल्यागणिक धरतात आणि परत आणताना तो पुन्हा लागतो.