रबरी स्पीडब्रेकर : ८ महिने वापरून झाले, ३ स्टार

सांगलीत विश्रामबागला आमची सोसायटी आहे, आतला रस्ता सरळसोट, आणि शंभर फुटी रस्त्याची गर्दी चुकवायला पोरं तिथनंच गाड्या दामटतात. रस्ता आमच्याच हद्दीतला म्हणून वर्गणी काढून पिवळे-काळे रबरी स्पीडब्रेकर ऑनलाइन मागवले (महापालिकेच्या रस्त्यावर असलं काही परस्पर ठोकायला जाऊ नका). तुकडे एकमेकांत नीट बसतात, उंची ५ सेंटीमीटर, रुंदी वीतभर-दीडवीत, आणि अँकर बोल्ट सोबतच आले.

रात्री पट्टे लांबनं चमकतात, त्याबद्दल तक्रार नाही. कारवाले पण पहिल्याच दिवसापासून सुतासारखे सरळ. पण बाईकवाल्यांवर काय फरक पडत नाही. पट्टी अरुंद आहे ना, त्यामुळं जोरात मारली की धक्का सगळा टायर आणि शॉकअप खातात, वर बसलेल्याला हळू गेल्यावर जेवढं लागतं त्यापेक्षा कमीच लागतं, हे त्यांना बरोबर कळलंय. शिवाय पावसाचं पाणी जायला गटारीकडं आम्ही फूटभर जागा सोडली होती, तर समद्या ॲक्टिवा आता तिथनंच जातात, म्हणजे जिथनं पोरं चालतात नेमक्या तिथनं! आणि पहाटे पाचला रिकामा छोटा हत्ती त्यावरनं गेला की भांड्यांची मांडणी पडल्यासारखा आवाज येतो, समोरच्या काकू अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

मग मागच्या गेटजवळ गवंड्याकडनं काँक्रीटचा रुंद उंचवटा करून घेतला. इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे, ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच, गोलसर, साधारण २५ च्या स्पीडनं आरामात जाता येईल असा. गवंडी म्हणाला, "दादा, हे स्पीडब्रेकर हाय का वरंबा?" पण काम करतोय तोच, कारण त्यावर आख्खी गाडी वर चढून उतरते, स्पीड वाढवला की जास्तच उचलते. मागं बसलेल्या आजीची पाठ पण वाचते. फक्त एकच करून भागत नाही, पुढं मोकळा रस्ता दिसला की परत पिळतातच, म्हणून शंभर-सव्वाशे मीटरवर दुसरा पाहिजे. आणि पांढरे पट्टे मारा, रंग नसला तर रात्री कोणतरी आपटणार.

रबरी घेणार असाल तर रस्ता काँक्रीटचा आहे का बघा. आमचा निम्मा डांबरी, एप्रिलच्या उन्हात डांबर मऊ झालं आणि कडेचे दोन बोल्ट हलायला लागले, जूनमध्ये शेवटचा तुकडाच निघाला. बोल्ट तसाच वर राहिला आणि पहिलं पंक्चर माझंच झालं. विक्रेत्याला फोटो पाठवले तर म्हणतो फिटिंग तुमचं, गॅरंटी फक्त रबराची. रबर अजून नव्यासारखं आहे म्हणा, पार्किंगमध्ये पडलंय.