पॉप आर्टची प्रिंट घेताना: मोठं नाव की हातची सही?

पॉप आर्ट म्हणजे रोजच्या वस्तू नि जाहिराती चित्रात आणणारी कला. तिची मर्यादित आवृत्तीची, म्हणजे ठरावीक प्रतीच काढलेली स्क्रीनप्रिंट (जाळीच्या पडद्यातून शाई दाबून छापलेलं चित्र) घ्यायची म्हटलं, आणि चित्र फळं, बाटल्या, डबे यांचंच हवं असलं, की बेळगाव-निपाणीच्या खिशाला झेपतील असे दोन रस्ते उरतात. एक, अमेरिकन पॉप चित्रकार अँडी वॉरहॉलच्या चित्राची 'संडे बी. मॉर्निंग' या प्रकाशकाने छापलेली प्रत. दुसरा, एखाद्या भारतीय चित्रकाराचा, त्याने स्वतः पेन्सिलीने सही करून क्रमांक घातलेला सेरिग्राफ, म्हणजे स्क्रीनप्रिंटच.

फसगत जास्त होते ती पहिल्यात. वॉरहॉलचा 'कॅम्पबेल्स सूप १' हा मूळ संच १९६८ सालचा. दहा प्रिंट, २५० प्रती, शिवाय ए ते झेड अक्षरं घातलेल्या २६ जादा प्रती. मागच्या बाजूला बॉलपेनने सही आणि रबरी शिक्क्याने क्रमांक. पूर्ण संच लिलावात लाखो डॉलरला जातो, तेव्हा तो विषय सोडा. संडे बी. मॉर्निंगचं काम १९७० मध्ये वॉरहॉलच्या संमतीने सुरू झालं, पुढे बिनसलं, छपाई मात्र चालू राहिली. या प्रतींच्या मागे 'तुमची सही तुम्हीच भरा' असा शिक्का असतो. जुन्यांवर काळा, नंतरच्यांवर निळा. वॉरहॉलने काही प्रतींवर 'हे माझं नाही' असं लिहून खाली सही ठोकली, आणि आता त्या नकारालाच भाव आहे!

निळ्या शिक्क्याची प्रत खरीखुरी स्क्रीनप्रिंटच असते आणि रंग झकास असतात. पण तिची आवृत्ती बंद झालेली नाही. पाहिजे तेव्हा आणखी छापता येते, तिथे 'मर्यादित' म्हणून जादा पैसे कशाचे द्यायचे?

सेरिग्राफमध्ये प्रती ठरलेल्या असतात. तिथे वेगळा प्रश्न विचारा: चित्र छपाईसाठीच रचलं होतं की कॅनव्हासवरून उतरवलं? मला पहिल्या प्रकाराला चार पैसे जास्त द्यायला पटतं. डिजिटल प्रिंटवर सही घेऊन ती सेरिग्राफ म्हणून खपवणारेही असतात. भिंगातून पाहा. प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन असल्याने रंग सपाट आणि भरीव दिसतो, शाईचा थर कागदावर बसलेला जाणवतो. चार रंगांच्या बारीक ठिपक्यांची नक्षी दिसली तर परत करा. पॉप चित्रकार रॉय लिक्टेनस्टाइनचे मोठे ठिपके ही वेगळी गोष्ट, ते चित्राचाच भाग आहेत. खात्री वाटत नसेल तर आपल्याकडे लग्नपत्रिका नि कापडी पिशव्यांवर स्क्रीन मारणाऱ्या एखाद्या जुन्या कारागिराला दाखवा. कुठला रंग आधी पडला आणि कुठे रजिस्टर (एका रंगावर दुसरा नेमका बसणं) हललं, ते तो उभ्या उभ्या सांगेल.

क्रमांकाचं फार मनावर घेऊ नका. वॉरहॉलच्या १९७९ च्या 'स्पेस फ्रूट' मालिकेची आवृत्ती १५० ची. त्यातली सातवी प्रत एकशेचाळिसावीपेक्षा आपोआप महाग होत नाही. किंमत तपासताना त्याच प्रिंटचे अलीकडचे लिलाव पाहा, आणि दिलेला आकडा नुसत्या हातोड्याच्या किमतीचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा आहे, की त्यात खरेदीदाराचं प्रीमियम (लिलावगृह वर घेतं ती रक्कम) धरलंय तेही. गॅलरीचा भाव, लिलावाचा भाव आणि विम्यासाठी लिहून दिलेला भाव हे तीन वेगळे आकडे असतात. विक्रेता बहुधा सगळ्यात मोठा दाखवतो. वॉरहॉलच्या कामांची खातरजमा करणारं मंडळ २०१२ मध्ये बंद झालं, त्यामुळे मालकीची जुनी कागदपत्रं नसतील तर स्वस्तातल्या 'मूळ सही'च्या वाटेला जाऊच नये. विकायची वेळ आली तर दोन्ही प्रकारांना मुंबई गाठावी लागते. त्यात सेरिग्राफचा गिऱ्हाईक कमी, हे खरं.

कागदाची अवस्था सगळ्यात महत्त्वाची, आणि बेळगाव-खानापूरच्या पावसात तीच आधी बिघडते. दमट भिंतीवर कागदाला तांबूस डाग धरतात, उन्हात लाल-गुलाबी फिके पडतात. त्याहून घात होतो फ्रेमच्या दुकानात. देवाच्या तसबिरींच्या सवयीने प्रिंट हार्डबोर्डवर चिकटवतात, कडा कापतात, वर लॅमिनेशनही सुचवतात. यातलं एक जरी झालं तरी किंमत कोसळते. ॲसिड-फ्री माउंट (प्रिंटमागचा आम्ल नसलेला पुठ्ठा), प्रिंट अडकवायला कागदी पट्ट्यांच्या बिजागऱ्या, काच आणि कागदात फट, एवढं लिहून द्या आणि समोर उभे राहून करून घ्या. बाहेरच्या बाजूची भिंत टाळा.

फक्त भिंत उजळवायची असेल तर निळ्या शिक्क्याची प्रत घ्या, पण सजावटीच्या भावात. संग्रह करायचा असेल तर मी सेरिग्राफच घेईन. परदेशी नावच हवं असेल आणि हात थोडा सैल असेल, तर ब्रिटिश चित्रकार पॅट्रिक कॉलफील्ड पाहा. जाड काळ्या रेषेतले त्याचे पाण्याचे जग, दिवे, पेले वॉरहॉलपेक्षा खूप स्वस्त पडतात, आणि सही त्याचीच असते. बिलावर चित्राचं नाव, साल, माप, आवृत्ती क्रमांक लिहून घ्या. पार्सल नळीत गुंडाळून नको, सपाट मागवा, आणि जून ते सप्टेंबर सोडून.