नारायण पेठेतला कॉम्प्युटरवाला: लिनक्सचे मेनू दिसत नव्हते, फॉरमॅट न मारता नीट करून दिले

आमचं डीटीपीचं काम आहे, अप्पा बळवंत चौकाच्या जवळ. लग्नपत्रिका, हँडबिलं, क्लासच्या नोट्स, आणि मशीन डेबियनवर, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारावर. ऑगस्ट 2025 मध्ये डेबियन 13 आलं, मग लग्नाची गडबड ओसरल्यावर अपग्रेड मारलं, म्हणजे प्लाझ्मा (केडीईवाल्यांचा डेस्कटॉप, माझ्याकडे तोच आहे) 5.27 वरून थेट 6.3. अपग्रेड सुरळीत झालं, प्रिंटरपण लगेच चालला (लिनक्सवाल्यांना कळेल हे केवढं सुख आहे), पण इंकस्केपचा (डिझाइनचं सॉफ्टवेअर) मेनू उघडला की नुसता पांढरा पट्टा. माऊस नेला ती ओळ तेवढी निळी होऊन वाचता येणार, बाकी सगळं कोरं. गिऱ्हाईक शेजारी प्रूफ बघायला बसलंय आणि मी वरपासून खालपर्यंत माऊस फिरवत एक्स्पोर्ट शोधतोय. फोटो एडिट करायच्या गिंपमध्येपण तेच, आणि फायली बघायचं डॉल्फिन मात्र एकदम व्यवस्थित!

आधी एका चकाचक दुकानात विचारलं तर म्हणे "काका, लिनक्स काढा, विंडोज टाकून देतो." नको रे बाबा.

मग एकाने हे जिन्याखालचं दुकान सांगितलं. बोर्डसुद्धा धड दिसत नाही, पण आतला पोरगा हुशार. सीपीयू लावल्यावर त्याने माझ्या सेटिंगला हातच लावला नाही, आधी एक नवीन युजर बनवला, त्यात लॉगिन करून इंकस्केप उघडलं, आणि मेनू ठणठणीत. म्हणाला, "काका, सिस्टीम चांगलीये, कचरा तुमच्या होममध्ये, म्हणजे तुमच्या युजरच्या फोल्डरात आहे." मला इथेच पैसे वसूल वाटले, कारण पुन्हा इन्स्टॉल करायची भीती तिथल्या तिथे गेली.

मग माझ्या लॉगिनमध्ये स्क्रीनशॉट काढून मोठा केला आणि रंगांचे आकडे (लाल, हिरवा, निळा; 255 म्हणजे पूर्ण) दाखवले. मागचा रंग 239, 240, 241 आणि अक्षरं 252, 252, 252. म्हणजे दोन्ही जवळजवळ पांढरेच. मागचा रंग ब्रीझच्या (प्लाझ्माची नेहमीची थीम) लाइट स्कीमचा, अक्षरं डार्कची! वाचता येण्यासाठी दोघांत निदान 4.5 पट कॉन्ट्रास्ट लागतो, वेबवाले तोच नियम पाळतात, इथे सव्वा पटसुद्धा नव्हता, मग दिसणार काय कपाळ. डॉल्फिन वगैरे केडीईची ॲप्स रंग थेट प्लाझ्माकडून घेतात, पण इंकस्केप आणि गिंप जीटीकेवर (खिडक्या, मेनू काढणारी वेगळी लायब्ररी) चालतात, त्यांच्या रंगांचा हिशोब वेगळा. भाच्याने मागे हौसेने कुठली तरी डार्क थीम टाकली होती, तिचे अवशेष डॉट कॉन्फिग या होममधल्या लपलेल्या फोल्डरातल्या जीटीके-3.0 फोल्डरात पडून होते. पोराने ते फोल्डर डिलीट न करता फक्त नाव बदललं (हे मला फार आवडलं, काही बिघडलं तर परत आणता येतं), मग सिस्टीम सेटिंग्जमध्ये कलर्स अँड थीम्समध्ये जाऊन कलर, ॲप्लिकेशन स्टाइल आणि प्लाझ्मा स्टाइल तिन्ही ब्रीझ केलं, त्याच ॲप्लिकेशन स्टाइलच्या पानावर जीटीकेसाठी वेगळं बटण आहे तिथेही ब्रीझ, आणि लॉगआउट-लॉगिन. मेनू काळ्या अक्षरात समोर.

घेतले 300 रुपये आणि काय काय बदललं ते कागदावर लिहून दिलं.

एक गोष्ट त्याने आधीच स्पष्ट सांगितली, जीटीके 4 ची जी नवी ॲप्स लिबअद्वैतावर (ॲपला ठरावीक रूप देणारी लायब्ररी) आहेत ती बाहेरची थीम फारशी जुमानत नाहीत, लाइट की डार्क एवढं ऐकतात, तेव्हा ती थोडी वेगळीच दिसणार. तशीच दिसतात, माझं काही अडत नाही.

तक्रार म्हणाल तर गाडी लावायला जागा शून्य, सीपीयू काखोटीला मारून गल्लीच्या टोकापासून चालावं लागतं, आणि बसायला एकच स्टूल, त्यावरपण कुणाचा तरी प्रिंटर. दुपारी चक्क उघडं असतं. घरी येत नाही, आणि पासवर्ड तुम्हालाच टाकायला लावतो, तेव्हा पोराटोरांच्या हाती मशीन पाठवू नका, स्वतः जा.