योग सुरू केला आणि दिवसभर झोपच येऊ लागली : आठ महिन्यांनंतर लिहितेय

योग केल्यावर ताजंतवानं वाटतं असं सगळे सांगतात. मला पहिले अडीच महिने नुसती झोप येत होती. अकराच्या मीटिंगमध्ये डोळ्यांवर झापड, जिना चढताना मध्येच कठडा धरून उभं राहायचं, आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की आधी आडवं व्हायचं. आता आठ महिने झालेत, आठवड्याचे पाच दिवस नियमित चालू आहे आणि सोडायचा विचारही नाही. पण तो थकवा कुठून आला हे कळायला मला फार वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर.

वय 43, बैठं काम, व्यायामाशी संबंध लिफ्ट बंद असेल तेवढ्यापुरताच. क्लास ऑनलाइन, सकाळी साडेपाचचा, तासाभराचा. पहिल्याच दिवशी 12 सूर्यनमस्कार. ऐकायला काहीच नाही, पण प्रत्येक वेळी हातांवर वजन तोलत जमिनीकडे उतरायचं असतं. तिसऱ्या दिवशी टी-शर्ट काढताना हात डोक्याच्या वर जाईनात. अर्धा टी-शर्ट तोंडावर अडकलेला आणि मी आतल्या आत हसतेय की रडतेय, माझं मलाच कळेना.

ते दुखणं ठीकच होतं. सवय नसलेले स्नायू ताण झेलत लांबतात तेव्हा त्यांना बारीक इजा होते, आणि एक ते तीन दिवसांत दुखणं शिगेला पोचतं. (‘लॅक्टिक ॲसिड साठलंय’ असं हमखास कुणीतरी सांगतं. ते व्यायाम थांबल्यावर तास-दीड तासात निघून जातं, त्याच्यावर नाहक आळ.) दोन आठवड्यांत अंगदुखी ओसरली. थकवा मात्र वाढतच गेला.

क्लासमध्ये विचारलं. उत्तर आलं, ‘शरीर शुद्ध होतंय, विषद्रव्यं बाहेर पडतायत. चांगलं लक्षण आहे, चालू ठेवा.’

या एका वाक्यावर मी सहा आठवडे काढले. ते वाक्य फार गोड आहे हो. एकदा पटलं की थकव्याचं कौतुक वाटायला लागतं, जितकी जास्त गळून जाईन तितकी आतून लख्ख होतेय असं! रक्तातलं नको ते बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं चोवीस तास करत असतात, मी पश्चिमोत्तानासनात वाकले काय आणि खुर्चीत बसले काय. बाहेर पडणाऱ्या त्या विषाचं नाव काय, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही. आणखी एक साधी गोष्टही सुचली नाही. शांतपणे केलेल्या आसनांना भरभर चालण्यापेक्षा कमीच ताकद लागते. भरभर चालून कुणी दिवसभर असं लोळागोळा होऊन पडत नाही. मग मी का पडतेय?

पहिला सुगावा शवासनात लागला. एक दिवस मी स्वतःच्याच घोरण्याने दचकून जागी झाले. स्क्रीनवरचे बाकी सगळे कधीच निघून गेले होते आणि माझा कॅमेरा चालू! हठयोगप्रदीपिकेत शवासनाला ‘श्रान्तिहर’ म्हटलंय, म्हणजे शीण घालवणारं. पण ते जागेपणी करायचं असतं. पाठ टेकल्यावर दोन मिनिटांत घोरायला लागणाऱ्या माणसाला शवासन नको असतं, झोप हवी असते.

त्या दिवशी कागदावर हिशोब मांडला. आधी मी पावणेबाराला झोपून सातला उठायचे. क्लास लागल्यापासून पाचला उठत होते. झोपायची वेळ? तीच, पावणेबारा. रोजचे दोन तास कापलेले, पाच दिवसांचे दहा. म्हणजे आठवड्यातून एक अख्खी रात्र गायब आणि वर दुपारची एक लांब डुलकी. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते आणि मी सव्वापाचावर गाडा ओढत होते. पहाटेच उठायचं हा हट्ट सोडला आणि संध्याकाळी साडेसहाची बॅच घेतली. मीटिंगमधली झापड दहा दिवसांत गेली.

कपालभातीचंही सांगून टाकते. ‘अजून जोरात, अजून जोरात’ म्हणत तो प्रकार चालायचा आणि मला बोटांना मुंग्या, वर गरगर. भराभर श्वास सोडत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून तसं होतं. त्यालाही ‘ऊर्जा जागी होतेय’ असं नाव मिळालं होतं. आता वेग कमी, आवर्तनं कमी, मुंग्या नाहीत.

पण जिना काही सुधारेना. झोप पुरेशी, कपालभाती आटोक्यात, तरी दुसऱ्या मजल्यावर धाप आणि छातीत धडधड. शेवटी डॉक्टरकडे गेले. हिमोग्लोबिन 9.8 निघालं. बायकांमध्ये 12 च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात. फेरिटिन 7, म्हणजे लोहाचा साठा जवळपास संपलेला. थायरॉइड आणि बी-12 व्यवस्थित. पाळीत किती रक्त जातं, असं त्यांनी विचारलं तेव्हा ट्यूब पेटली. दोन वर्षं खूप जात होतं आणि ‘या वयात होतंच’ म्हणून मी सोडून दिलं होतं. ‘योगामुळे नाही झालेलं हे. उलट योगामुळे लवकर कळलं,’ त्या म्हणाल्या. बसल्या जागी काम करणाऱ्या बाईला कमी रक्तातही निभावता येतं. रोज तासभर हालचाल सुरू झाली आणि उधारी उघडी पडली. लोहाच्या गोळ्यांवर तीन महिन्यांत 12.3 झालं. आकडा वर आला तरी साठा भरायला गोळ्या आणखी काही महिने घ्यायच्या आहेत. पाळीचेही उपचार चालू आहेत.

आता खुद्द योगाबद्दल. मान आखडायची ती थांबली. गुडघे न वाकवता बोटं जमिनीला टेकतात, ज्याचा मला बालिश म्हणावा इतका आनंद होतो. रात्री पडल्या पडल्या झोप लागते. वजन एक किलोनेही उतरलं नाही, तेव्हा त्या आशेने येऊ नका. सूर्यनमस्कार बाराऐवजी चारापासून सुरू केले असते तर पहिला पंधरवडा सुखाचा गेला असता. घाई माझीच होती, त्याचं खापर कुणावर फोडणार?

गेल्या आठवड्यात बॅचमध्ये नवीन आलेली एक जण म्हणाली, ‘सुरू केल्यापासून नुसती मरगळ येते हो.’ लगेच दोघी-तिघी सरसावल्या, शुद्धी होतेय म्हणून. मी माइक चालू केला आणि विचारलं, ‘किती वाजता झोपतेस? आणि जिना चढताना धाप लागते का?’